खुनी ठाऊक असूनही

रहस्यकादंबरी सुचवणारा माणूस बहुतेक वेळा एकाच वाक्यात पुस्तकाची वाट लावतो. "शेवट वाच, हादरशील!" त्याला वाटतं, आपण काहीच फोडलं नाही. पण हे ऐकलेला वाचक पहिल्या पानापासून पहारा द्यायला बसतो. साधा शेजारी म्हणून आलेल्या माणसाकडे तो संशयानं बघतो, रडणाऱ्या बाईचं रडणं त्याला खरं वाटत नाही. लेखकानं दोनशे-तीनशे पानं खपून जो भरवसा उभा केलेला असतो, तो या वाचकाच्या मनात मूळच धरत नाही. आधी विश्वास बसला तरच पुढे धक्का बसतो. "बारकाईनं वाच हं, सगळं समोरच आहे" हेही तसंच. कुठेतरी काहीतरी लपवलेलं आहे, हे सांगून झालेलंच असतं.

मग सांगायचं काय? प्रत्येक रहस्यकादंबरी वाचकापुढे एक प्रश्न टाकते. तो नेमका कोणता, एवढंच सांगावं आणि थांबावं. कोणी केलं? कसं केलं? का केलं? की, केलं हे ठाऊक आहे, आता पकडला जाणार का? वाचकांच्या आवडी या चार प्रश्नांवर फार स्पष्टपणे विभागल्या जातात, आणि "मला रहस्यकथा आवडत नाहीत" म्हणणाऱ्या पुष्कळांना खरं तर चौघांतला एकच प्रश्न नकोसा असतो. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या वाचत मोठ्या झालेल्या पिढीला झुंजार आणि काळा पहाड यांचा पाठलाग, वेषांतर, सुटका यांची गोडी लागली. त्या वाचकाच्या हातात संथ, मनाचे पापुद्रे काढणारी कादंबरी दिली तर तो चाळीस पानांत ती मिटवतो. दोष पुस्तकाचा नसतो आणि त्याचाही नसतो.

हे चार प्रश्न एकेका पुस्तकात वेगळे करून, स्वच्छ हातानं मांडणारं आजचं लेखन शोधायचं तर जपानकडे जावं. तिथल्या रहस्यकादंबऱ्या गेल्या पंधरा-वीस वर्षांत इंग्रजीत मोठ्या संख्येनं आल्या आहेत, आणि मराठी वाचकाला त्या घेताना एक सोयही आहे. वाक्यं छोटी असतात, वर्णनं आटोपशीर असतात. एरवी मराठीच वाचणाऱ्या आणि इंग्रजी कादंबरीला बिचकणाऱ्या माणसानं सुरुवात इथून करावी.

सुरुवातीचा लेखक केइगो हिगाशिनो. जन्म 1958, ओसाका. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं, नोकरी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. 1985 मध्ये पहिल्याच कादंबरीला एदोगावा राम्पो पुरस्कार मिळाला आणि मग नोकरी सुटली. (एदोगावा राम्पो हे एका जुन्या जपानी रहस्यकथाकाराचं टोपणनाव, एडगर ॲलन पो हे नाव जपानी वळणानं भरभर उच्चारून बघितलं की ते कुठून आलं ते कळतं.) अभियंत्याची शिस्त या लेखकाच्या बांधणीत दिसते. सुटा भाग नको तिथे नसतो आणि हवा तिथे नाही असं होत नाही.

'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' हे त्यांचं सगळ्यांत नावाजलेलं पुस्तक. जपानीत 2005, इंग्रजीत 2011. जपानमध्ये त्याला नाओकी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार लोकप्रिय साहित्यासाठी असला तरी मोठ्या मानाचा आहे. इंग्रजी अनुवाद रहस्यकथांसाठीच्या अमेरिकेतल्या एडगर पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. सुचवताना सांगायचं ते इतकंच: तोक्योत एक घटस्फोटित बाई, यासुको, जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते. शाळेत जाणारी मुलगी आहे. पूर्वीचा नवरा पैशांसाठी पिच्छा पुरवत घरी येतो आणि सुरुवातीच्याच काही पानांत त्याचा त्या घरात जीव जातो. कोतात्सूच्या, म्हणजे खाली हीटर बसवलेल्या, गोधडी पांघरलेल्या बुटक्या टेबलाच्या वायरनं. शेजारच्या खोलीत राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी दार वाजवतो आणि म्हणतो, मी मदत करतो.

म्हणजे कोणी, कसं, का या तिन्हींची उत्तरं लेखकानं देऊन टाकली. उरला चौथा प्रश्न. पोलीस तिथवर पोचतील का? तपास करणाऱ्या कुसानागीचा मित्र युकावा हा भौतिकशास्त्रज्ञ, आणि तो इशिगामीचा विद्यापीठातला जुना सोबती निघतो. दोन हुशार माणसं समोरासमोर येतात. कोणाच्याही न सुटणारा प्रश्न रचणं जास्त अवघड की तो सोडवणं, असा त्यांच्यातला वाद आहे. पुस्तक सुचवताना इथे थांबावं. पुढचं एक अक्षरही बोलू नये.

या पुस्तकाच्या बाबतीत हमखास चूक होते ती चित्रपटाची. जपानी (2008), कोरियन (2012), चिनी (2017) आणि 2023 मध्ये हिंदीत 'जाने जान' अशी त्याची रूपं आली आहेत. हिंदी चित्रपट कालिम्पोंगमध्ये घडतो. ज्यानं तो पाहिला आहे त्याला हे पुस्तक पहिलं म्हणून देऊ नये, त्याच लेखकाचं दुसरं द्यावं. नंतर पुन्हा या पुस्तकाकडे यायला हरकत नाही, कारण इशिगामीच्या मनातला एकटेपणा पडद्यावर जेमतेम येतो आणि पानावर तो पुरेपूर आहे.

'कसं केलं' हा प्रश्न निखळ रूपात हवा असेल तर 'सॅल्व्हेशन ऑफ अ सेंट' (जपानीत 2008, इंग्रजीत 2012). एक माणूस घरात एकटाच असताना कॉफीतल्या आर्सेनिकनं मरतो. मूल होत नाही म्हणून त्याला बायकोपासून वेगळं व्हायचं असतं, त्यामुळे संशय तिच्यावर. पण ती त्या वेळी शेकडो किलोमीटर दूर, साप्पोरोला. पाण्यात, किटलीत, गाळणकागदात, बाटलीत, विष कुठे आणि कधी आलं? पोलीस एकेक शक्यता प्रयोगशाळेत नेऊन खोडत जातात. पुस्तक वाचताना कागदावर पाण्याचा रस्ता काढावा: नळ, किटली, गाळण, कप. जिथे खोड बसेल तिथे फुली मारत जावं. असं वाचणाऱ्याला हे पुस्तक दुप्पट देतं. उलट, माणसांत रमणाऱ्या वाचकाला मधली शंभरेक पानं किटलीभोवतीच फिरल्यासारखी वाटतात. त्याला हे देऊच नये.

त्याच्यासाठी 'मॅलिस'. जपानीत 1996, इंग्रजीत 2014. एक यशस्वी कादंबरीकार कॅनडाला कायमचा जायला निघालेला, आदल्या रात्री घरात मृत सापडतो. कथा दोन वह्यांतून पुढे सरकते. एक मृताच्या मित्राची, जो स्वतः मुलांसाठी लिहितो. दुसरी पोलीस अधिकारी कागाच्या नोंदींची. पुस्तक अर्धं व्हायच्या पुष्कळ आधी गुन्हेगार हाती लागतो आणि कबुलीही देतो. पुढे उरतो एकच शब्द: का? आणि या एका शब्दावर हिगाशिनो उरलेली सगळी पानं ताणून धरतात, एक धागा सैल न सोडता. 'का' या प्रश्नावर इतकं निष्ठेनं लिहिलेलं दुसरं आधुनिक पुस्तक सहज आठवत नाही.

हे तीन एकाच लेखकाचे, भाषा सारखी, लांबी साधारण सारखी. म्हणून अनोळखी वाचकाची आवड तपासायला हा संच फार कामाचा आहे. तिन्ही द्यावेत आणि कोणतं सर्वांत लवकर संपलं ते विचारावं. "कोणतं आवडलं?" असं विचारलं तर लोक नावाजलेल्याचं नाव सांगतात. किती रात्री लागल्या, हे खरं उत्तर.

आता अडचणींबद्दल, कारण पुस्तकं अर्धवट सुटतात ती बहुतेक त्यामुळेच.

पहिली अडचण नावांची. जपानी नावं कानावर बसलेली नसतात, त्यात अनुवादात काही जण आडनावानं येतात, काही पहिल्या नावानं. डबेवाली यासुको पहिल्या नावानं, शिक्षक इशिगामी आडनावानं. उपाय साधा आहे. खुणेसाठी जो कागद पानात ठेवता, त्यावरच लिहायचं: नाव, धंदा, कोणाचा कोण. 'सस्पेक्ट एक्स'ला सात नावं पुरतात. हे पहिल्या तीस पानांत केलं नाही तर शंभराव्या पानावर मागे उलटत बसावं लागतं, आणि रहस्यकथेत मागे उलटणं घातक, कारण नजर भलत्याच ओळीवर पडते. फोनवर वाचणाऱ्याला तर मागे जाणंच नकोसं होतं.

या बाबतीत सर्वांत अवघड पुस्तक म्हणजे हिदेओ योकोयामा यांचं 'सिक्स फोर' (2012, इंग्रजीत 2016). मिकामी, मिकुमो, मिनाको, मात्सुओका, मेसाकी, मोचिझुकी. सगळे 'म'चे. कागदाशिवाय हे पुस्तक हातात घेऊ नये. घेतलं तर मात्र ते सोडूही नये. सम्राट हिरोहितो 7 जानेवारी 1989 ला गेले, त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचं, म्हणजे शोवा शकाचं, चौसष्टावं वर्ष अवघे सात दिवस चाललं. त्या सात दिवसांत एका लहान मुलीचं अपहरण झालं, 2 कोटी येनांची खंडणी गेली, मुलगी जिवंत परत आली नाही. चौदा वर्षांनी पोलिसांच्या प्रसिद्धी विभागाचा प्रमुख मिकामी त्या प्रकरणात पुन्हा ओढला जातो. त्याची स्वतःची मुलगीही घर सोडून गेलेली आहे. सहाशेच्या वर पानं आहेत, आणि सुरुवातीला बराच वेळ चालतो तो पोलीस आणि पत्रकार यांच्यातला वाद: अपघातात सापडलेल्या एका गरोदर बाईचं नाव जाहीर करायचं की नाही. थरारकथा म्हणून उघडलेल्या माणसाला हे कार्यालयीन राजकारण वाटतं आणि तो कंटाळून पुस्तक ठेवून देतो. देतानाच सांगून ठेवावं, "हे कचेरीचं पुस्तक आहे, पहिली दीडशे पानं कचेरीतच जातात, ती सोसून बघ." सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्यांना हे पुस्तक विशेष जवळचं वाटतं. वरिष्ठांची मर्जी, दोन विभागांमधली खुन्नस, खाली येणारा तोंडी आदेश, यातलं काहीच त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी अडचण कायद्याची. जपानमध्ये खुनाच्या गुन्ह्यालाही खटल्याची मुदत होती: पंधरा वर्षं. 2005 पासून ती पंचवीस झाली आणि 2010 मध्ये खुनासाठी ती काढूनच टाकली. आपल्याकडे खुनासारख्या गुन्ह्याला अशी मुदत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला कळत नाही की 'सिक्स फोर'मध्ये चौदा या आकड्याला एवढं महत्त्व का. एकच वर्ष उरलं आहे म्हणून. हे आधी सांगणं म्हणजे रहस्य फोडणं नव्हे. जपानी वाचकाला जे आधीच ठाऊक होतं, ते फक्त आपल्या वाचकाच्या हाती द्यायचं आहे.

हिगाशिनोंच्या 'जर्नी अंडर द मिडनाइट सन'लाही (1999, इंग्रजीत 2015) हे लागू आहे. 1973 मध्ये ओसाकातल्या एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत सावकाराचं प्रेत सापडतं. वस्तू गहाण ठेवून पैसे देणारा माणूस. मग जवळजवळ वीस वर्षांची कथा, दोन मुलं मोठी होताना. एक त्या सावकाराचा मुलगा, एक संशयित बाईची मुलगी. लेखकानं इथे फार कठीण अट स्वतःवर घालून घेतली आहे: या दोघांच्या मनात तो एकदाही शिरत नाही. ती कायम दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेतून दिसतात. प्रत्येक प्रकरण काही वर्षं उडी मारतं आणि साल स्पष्ट लिहिलेलं असेलच असं नाही. तेलटंचाई, नवे व्हिडिओ गेम, बँकेची कार्डं यांवरून काळ ओळखायचा. प्रकरणाच्या सुरुवातीला पेन्सिलनं अंदाजे साल लिहावं. पुस्तक लांबलचक आहे, आणि सलग वाचण्याचं आहे. आठवड्याच्या सुट्टीत दहा-दहा पानं वाचणाऱ्याला धागे सापडत नाहीत. शिवाय यात लैंगिक अत्याचार आहेत, हे आधी सांगावं. कोणावर आणि कुठे, ते सांगू नये.

किती क्रौर्य सोसवेल, हे विचारल्याशिवाय कोणतंही थरारक पुस्तक कोणाच्या हाती देऊ नये. नात्सुओ किरिनो यांचं 'आउट' (1997, इंग्रजीत 2003) हे उत्तम पुस्तक आहे. तोक्योच्या बाहेर डबे भरायच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या चार बायका, एकीच्या हातून नवरा मारला जातो, बाकीच्या त्या प्रेताची विल्हेवाट लावतात. न्हाणीघरातलं ते काम लेखिका नजर न वळवता लिहिते. पण या पुस्तकाचा खरा जीव आहे तो पट्ट्यावर सरकणाऱ्या भातात, दुखणाऱ्या पायात, पहाटे घरी गेल्यावर कोणीच न विचारण्यात. घरकाम आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या बायकांची अशी कादंबरी रहस्यकथेच्या दारातून आली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. तरीही पोटात कालवणाऱ्यानं ती टाळावी, यात कमीपणा नाही.

कानाए मिनातो यांचं 'कन्फेशन्स' (2008, इंग्रजीत 2014) लहान आहे, पण नुकतेच आईबाप झालेल्यांना देऊ नये. शाळेतली एक शिक्षिका, जिची चार वर्षांची मुलगी शाळेच्या पोहण्याच्या तलावात मेलेली सापडली, ती वर्गाला निरोपाचं भाषण देते. पहिलं प्रकरण म्हणजे फक्त ते भाषण. जपानमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलाला फौजदारी शिक्षा होत नाही, एवढं माहीत करून वाचावं. मुळात हे प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून लिहिलं गेलं होतं आणि तेवढ्यावरच पूर्ण होतं. म्हणून ज्याला शंका आहे त्याला एवढंच वाचायला सांगावं. तासाभराचं काम. पुढे जायचं की नाही ते त्याचं त्याला कळतं.

रक्त नकोच असेल, तर 'न्यूकमर'. पुन्हा हिगाशिनो, पुन्हा कागा. जपानीत 2009, इंग्रजीत 2018. तोक्योच्या निहोनबाशी भागातल्या जुन्या पेठेत एका बाईचा खून झाला आहे, आणि नवा बदलून आलेला कागा दुकानं फिरतो. तांदळाच्या कुरकुरीत सेनबेईचं दुकान, चिनीमातीच्या भांड्यांचं, घड्याळांचं, केक-पेस्ट्रीचं. नऊ प्रकरणं, बहुतेक प्रकरणांत एकेक घर. गोड पदार्थात झणझणीत वसाबी कोणी भरलं, सासू-सुनेत नेमकं काय बिनसलंय, असले छोटे गुंते तो सोडवत जातो, आणि प्रत्येक घर सोडताना एक माणूस संशयातून मोकळा होतो. पुण्यातल्या जुन्या पेठा किंवा गिरगाव पाहिलेल्या वाचकाला या गल्ल्या परक्या वाटत नाहीत. कागाची इंग्रजीतली पुस्तकं 'मॅलिस', 'न्यूकमर', 'अ डेथ इन तोक्यो', 'द फायनल कर्टन' याच क्रमानं वाचावीत. मूळ मालिकेत 'मॅलिस' चौथं आहे, पण आधीचं न वाचल्यानं काही अडत नाही. 'द फायनल कर्टन' मात्र शेवटीच. त्यात कागाच्या आईची गोष्ट आहे आणि ती आधी कळली तर बाकीच्या पुस्तकांतला त्याचा अबोलपणा वेगळा दिसायला लागतो.

'कोणी केलं' याच प्रश्नावर प्रेम असणाऱ्यासाठी युकितो आयात्सुजी यांचं 'द डेकॅगॉन हाउस मर्डर्स'. 1987 मध्ये आलं आणि जपानमध्ये जुन्या वळणाच्या कोड्याची नवी लाट त्यानं उठवली. विद्यापीठाच्या रहस्यकथा मंडळाची सात मुलं एका बेटावर जातात. एकमेकांना एलरी, कार, अगाथा अशा पाश्चात्त्य रहस्यकथाकारांच्या नावांनी हाका मारतात. माणसं कागदी आहेत, ही तक्रार खरी आहे आणि ती आधीच मान्य करून टाकावी. हे बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखं वाचायचं पुस्तक आहे. घराचा नकाशा दिलेला आहे, त्यावर खोल्यांची नावं लिहून घ्यावीत. आणि हे पुस्तक चाळू नये. वाचायच्या आधी मागची पानं फरफर उलटायची सवय असेल तर कोणाला तरी ती पानं क्लिपनं बंद करून द्यायला सांगावं.

मुंबईतलंच काही हवं, असं म्हणणारे असतात. त्यांना सुजाता मॅसी यांचं 'अ मर्डर ऑन मलबार हिल' (2018) द्यावं. परदेशात ते 'द विडोज ऑफ मलबार हिल' या नावानं आलं. काळ 1921, नायिका पारशी वकील परवीन मिस्त्री. तिच्यामागे 1866 मध्ये नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. तीन विधवा पडद्यात राहतात, पुरुषाला आत प्रवेश नाही, आणि त्या घरात खून होतो. बंद खोलीच्या रहस्याला कुलूप लागतं, इथे रिवाजाचंच कुलूप आहे. प्रश्न असा: आत जाऊ शकणारं कोण? थरार मंद आहे. मधेच परवीनच्या 1916 च्या लग्नाची कथा येते आणि ती खुनापेक्षाही जास्त धरून ठेवते.

पुस्तक देताना वेष्टनावरचा मजकूर वाचू देऊ नये. मागच्या कव्हरवर पुष्कळदा शंभराव्या पानापर्यंतची कथा छापलेली असते. वर्तमानपत्राचा कागद चढवून द्यावं, जुन्या वाचनालयांतली पुस्तकं असत तसं. आणि परत घेताना लगेच घेऊ नये. शेवटचं पान संपल्यावर पहिली दहा पानं पुन्हा वाचायला सांगावीत, आणि मगच, दार लावून, शेवटाबद्दल बोलायला बसावं.